सुदानच्या खासगी विद्यापीठासोबत काम करायचंय? मग कामाचा क्रम असा ठेवा

पुण्यात, संभाजीनगरात सुदान, येमेन, अफगाणिस्तानची मुलं वर्षानुवर्षं शिकायला येतायत, हे शिक्षण क्षेत्रातल्या बहुतेकांना माहितीये. पण एप्रिल २०२३ नंतर सुदानकडून येणारी विचारणा बदललीय. आधी फक्त ॲडमिशनचं विचारायचे, आता तिथली विद्यापीठंच विचारतात की आमचा एखादा पेपर ऑनलाइन शिकवाल का, आमच्या मुलांना एक सेमिस्टर बसू द्याल का, एमओयू, म्हणजे सामंजस्य करार, कराल का. आपल्याकडचे लोक मनापासून हो म्हणतात आणि पुढे काय करायचं ते कळत नसल्यामुळे फोटो काढून, सह्या करून विषय तिथेच थांबतो. तसं होऊ नये म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय. कॉलेजच्या इंटरनॅशनल सेलमध्ये असाल, निवृत्त प्राध्यापक असाल, आखातात नोकरीला असाल आणि तिथल्या सुदानी सहकाऱ्याने हा विषय काढला असेल, तर तुमच्यासाठी.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो आणि मग तपशिलात जातो. युद्धात खासगी विद्यापीठाची इमारत गेली तर ते भाड्याच्या चार खोल्यांत चालू राहू शकतं, पण मुलांच्या मार्कांच्या नोंदी गेल्या आणि डिग्रीवरचा विश्वास गेला की ते संपतं. म्हणून मदतीची सुरुवात नोंदींपासून करा, बाकी सगळं त्यानंतर.

नेमकं काय मोडलंय ते आधी समजून घ्या

१५ एप्रिल २०२३ ला सैन्य आणि आरएसएफ (रॅपिड सपोर्ट फोर्सेस हे निमलष्करी दल) यांच्यात राजधानी खार्टूममध्येच लढाई सुरू झाली. आता अडचण अशी की सुदानमधली बरीचशी खासगी विद्यापीठं खार्टूम, ओमदुरमान आणि बाहरी या नाईलच्या संगमावरच्या तीन जोडशहरांतच होती, म्हणजे युद्ध थेट त्यांच्या अंगणात आलं. एक कोटीहून जास्त लोक घर सोडून गेले, त्यात प्राध्यापकही आले आणि विद्यार्थीही आले, कुणी कैरोला, कुणी जेद्दाहला, कुणी पोर्ट सुदानला, कुणी कंपालाला.

सरकारी विद्यापीठाचा पगार उशिरा का होईना सरकारच्या खात्यावर असतो. खासगीचं सगळं फीवर चालतं. आणि फीचा नळ कसा बंद झाला ते बघा. बारावीसारखी जी तिथली माध्यमिक प्रमाणपत्र परीक्षा असते ती २०२३ च्या बॅचची परीक्षा झाली थेट २८ डिसेंबर २०२४ ला, आणि तीसुद्धा सगळ्या भागांत झाली नाही, पश्चिमेकडच्या दारफुरची कितीतरी मुलं बाहेरच राहिली. म्हणजे दीड वर्षाहून जास्त काळ पहिल्या वर्षाला नवीन मुलंच नाहीत. जी जुनी मुलं आहेत त्यांच्या आईवडलांचा धंदा, नोकरी बुडालेली. आणि जी फी येते ती सुदानी पाउंडात, ज्याचा भाव युद्धाआधी डॉलरला सहाशेच्या आसपास होता आणि नंतर काळ्या बाजारात दोन हजारांच्याही पुढे गेला. सर्व्हरचं भाडं, सॉफ्टवेअर, परदेशातल्या प्राध्यापकाचं मानधन हे मात्र डॉलरातच द्यावं लागतं. हा हिशोब डोक्यात ठेवल्याशिवाय त्यांच्याशी पैशाचं बोलूच नका.

नोंदी आधी

मे २०२३ मध्ये ओमदुरमान अहलिया विद्यापीठातलं मोहम्मद ओमर बशीर केंद्राचं ग्रंथालय जळलं. १९८६ मध्ये लोकांनी उभं केलेलं हे खासगी विद्यापीठ, आणि सुदानच्या अभ्यासाची मौल्यवान पुस्तकं आणि कागदपत्रं तिथे होती. ती परत मिळणार नाहीत. मला ही बातमी वाचून जितकं वाईट वाटलं तितकीच एक गोष्ट जाणवली की पुस्तकाची दुसरी प्रत जगात कुठेतरी सापडू शकते, पण तिसऱ्या वर्षाच्या अंतर्गत गुणांच्या रजिस्टरची दुसरी प्रत कुठेच नसते.

तर पहिलं विचारायचं ते हे की तुमचा स्टुडंट डेटाबेस आत्ता कुठे आहे, कोणाच्या लॅपटॉपवर आहे, शेवटचा बॅकअप कधीचा आहे. उत्तर "खार्टूमच्या सर्व्हर रूममध्ये" असं आलं तर बाकी सगळं थांबवून याच्यावर बसा. किमान तीन प्रती, त्यातल्या दोन वेगवेगळ्या देशांत, आणि एक प्रत इंटरनेटशी न जोडलेल्या हार्ड डिस्कवर. तुमच्या कॉलेजने एनक्रिप्ट केलेली एक प्रत सांभाळायची तयारी दाखवली, पासवर्ड त्यांच्याकडेच ठेवून, तर ती दहा गेस्ट लेक्चरपेक्षा मोठी मदत आहे.

प्रत्येक विद्यार्थ्याचं काय काय हवं? नाव अरबीत आणि पासपोर्टवरच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये (एकच नाव तीन प्रकारे लिहिलेलं असतं आणि पुढे व्हिसाला तिथेच अडतं), जन्मतारीख, प्रवेश क्रमांक, विषयवार गुण आणि क्रेडिट, त्या त्या वर्षाचा सिलॅबस. सिलॅबस लोक विसरतात. पण दुसऱ्या देशातलं विद्यापीठ क्रेडिट द्यायला बसतं तेव्हा मार्कांच्या आधी सिलॅबसच मागतं.

रजिस्टर जळलेलंच असेल तर माजी विद्यार्थी आणि चालू विद्यार्थी यांच्या फोनमध्ये जे काही आहे ते गोळा करायचं, रिझल्टचे फोटो, फीच्या पावत्या, मंत्रालयाचा शिक्का असलेल्या जुन्या प्रती. प्राध्यापकांच्या मेलमध्ये गुणांच्या एक्सेल फाइल पडलेल्या असतात, त्या मागायच्या. दोन वेगळ्या ठिकाणांहून आलेली माहिती जुळली तरच नोंद पक्की धरायची, आणि अशा परत उभ्या केलेल्या नोंदीवर तसं स्पष्ट लिहायचं, लपवायचं नाही. लपवलं आणि एकाची जरी खोटी निघाली तर सगळ्या बॅचच्या डिग्रीवर संशय येतो.

एक अगदी बारीक गोष्ट, डोमेन. विद्यापीठाचं वेबसाइटचं नाव आणि त्यावरचा अधिकृत ईमेल याचं वर्षाचं रिन्यूअल कोण भरतंय, कोणाच्या कार्डावर आहे ते बघा. ज्या माणसाच्या कार्डावर होतं तो बेपत्ता किंवा त्याचं बँक खातं गोठलेलं, असं झालं की ईमेल बंद पडतो, आणि जर्मनीतल्या किंवा सौदीतल्या एखाद्या हॉस्पिटलने व्हेरिफिकेशनसाठी मेल केला तर तो परत जातो. मग त्या बिचाऱ्या डॉक्टरची डिग्री खरी असून कागदावर खोटी ठरते. वर्षाला हजार-दोन हजार रुपयांचा विषय असतो.

आणि हे पण तितकंच महत्त्वाचं: जास्तीची माहिती साठवू नका. जमात, मूळ गाव, वडलांचा व्यवसाय, राजकीय संघटना असले रकाने असतील तर काढून टाकायला सांगा. दारफुरमध्ये लोकांना जमात बघून मारलंय. अशा देशात विद्यार्थ्यांची यादी चुकीच्या हातात पडणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

सही कोणाची चालणार?

येमेनचं उदाहरण माहिती असायलाच हवं. सनामधलं युनिव्हर्सिटी ऑफ सायन्स अँड टेक्नॉलॉजी हे १९९४ पासूनचं मोठं खासगी विद्यापीठ. २०२० च्या सुरुवातीला हूथी बंडखोरांनी त्याचा ताबा घेतला, मूळ व्यवस्थापनाने मुख्यालय एडनला हलवलं, आणि एकाच नावाचे दोन कारभार झाले. मुलाने डिग्री कोणाची घ्यायची? सुदानमध्येही सैन्याच्या ताब्यातला भाग वेगळा आणि आरएसएफच्या ताब्यातला वेगळा आहे, २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये दारफुरमधलं अल फाशर शहर आरएसएफकडे गेल्यावर तर ही रेघ आणखी ठळक झाली. म्हणून समोरच्या विद्यापीठाला विचारा की तुमचं लायसन्स कोणत्या मंत्रालयाचं, चालू आहे का, विश्वस्त मंडळातले किती जण देशाबाहेर आहेत आणि त्यांना सहीचा अधिकार लेखी दिलाय का. खासगी विद्यापीठं बऱ्याचदा एका कुटुंबाची किंवा चार-पाच गुंतवणूकदारांची असतात, आणि तो एक माणूस अडकला की सगळं अडकतं.

आपल्या बाजूचंही स्पष्ट बोला. जॉइंट डिग्री, ड्युअल डिग्रीचं आमिष पहिल्याच मीटिंगमध्ये दाखवू नका. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे वेगळी परवानगी न घेता असा कोर्स चालवायचा तर परदेशी संस्था जागतिक रँकिंगच्या पहिल्या १००० मध्ये लागते आणि आपल्या संस्थेलाही नॅकच्या गुणांची किंवा एनआयआरएफ या राष्ट्रीय क्रमवारीची अट आहे. सुदानमधलं खासगी विद्यापीठ त्यात बसणं अवघड. परदेशी डिग्रीच्या समकक्षतेसाठी २०२५ मध्ये यूजीसीने नवीन नियम आणलेत, तेही मुलांना आधीच वाचायला द्या. ज्याचा उपयोग खरंच होतो ते म्हणजे एकेका विषयाचं सर्टिफिकेट, ज्यात तास, सिलॅबस, परीक्षेची पद्धत सगळं लिहिलंय, आणि जे त्यांचं विद्यापीठ आपल्या ट्रान्सक्रिप्टमध्ये घेऊ शकतं. छोटं वाटतं पण पक्कं असतं.

शिकवायचं कसं

अहफाद (महिलांचं विद्यापीठ), यूएमएसटी (युनिव्हर्सिटी ऑफ मेडिकल सायन्सेस अँड टेक्नॉलॉजी) यांच्यासारखी तिथली काही खासगी विद्यापीठं इंग्रजीत शिकवतात, त्यामुळे आपल्या प्राध्यापकांना भाषेची अडचण कमी येते. वेळही जुळते, आपण साडेतीन तास पुढे आहोत, म्हणजे आपले संध्याकाळचे सात वाजलेले असतात तेव्हा खार्टूममध्ये दुपारचे साडेतीन. कॉलेज सुटल्यावर शिकवता येतं.

पण लाइव्ह लेक्चरवर कोर्स उभा करू नका. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुदानमधली मोठी मोबाइल नेटवर्कं जवळपास एकदमच बंद पडली होती आणि कितीतरी ठिकाणी लोक स्टारलिंकच्या डिशभोवती जमून तासाच्या हिशोबाने पैसे भरून मेसेज बघायचे. असा विद्यार्थी दोन तासांचा व्हिडिओ बघणार नाही, बघूच शकत नाही. त्याच्यासाठी दहा मिनिटांचा ऑडिओ, सोबत पीडीएफ, चार प्रश्न, हे व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामवर टाकायचं, त्याने दोन मिनिटांत डाउनलोड करून घरी जाऊन ऐकायचं. असाइनमेंटची तारीख एक दिवसाची नको, तीन आठवड्यांची खिडकी ठेवा. हजेरी मोजूच नका, कृपा करून. एनपीटीईएलचे, म्हणजे आपल्या आयआयटींचे ऑनलाइन, कोर्स फुकट आहेत, इंजिनिअरिंग, मॅनेजमेंट, मूलभूत विज्ञान सगळं आहे, ते कमी साइजमध्ये उतरवून पेन ड्राइव्हवर पाठवता येतात, आणि आपला प्राध्यापक फक्त शंका सोडवायला आणि पेपर तपासायला राहिला तरी पुरतं.

परीक्षा मात्र शक्य तिथे प्रत्यक्ष घ्या, कैरो, पोर्ट सुदान, रियाध असं जिथे पाच-पन्नास मुलं आहेत तिथे भाड्याच्या हॉलमध्ये. घरी बसून दिलेल्या ऑनलाइन परीक्षेवर पुढे प्रश्न उभे राहतात आणि त्याची किंमत प्रामाणिक मुलांना मोजावी लागते.

मेडिकलचा विषय वेगळाच आहे. थिअरी ऑनलाइन होते, पेशंटला हात लावल्याशिवाय डॉक्टर होत नाही आणि लढाईच्या भागातली बहुतेक हॉस्पिटलं बंद पडली. यूएमएसटीने इथे जे केलं ते मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं, त्यांनी शंभराहून जास्त मेडिकलचे विद्यार्थी २०२३ मध्येच रवांडाला नेले, युनिव्हर्सिटी ऑफ रवांडाच्या मदतीने, आणि काही टांझानियात. नवीन कॅम्पस बांधलं नाही, दुसऱ्याच्या हॉस्पिटलमध्ये जागा मागितली. मात्र ज्यांना प्रवासाचा, राहण्याचा खर्च परवडतो तेच जाऊ शकतात, बाकीच्यांचं काय हा प्रश्न तिथे उरतोच. आपल्याकडच्या एखाद्या मेडिकल किंवा नर्सिंग कॉलेजला काही करायचं असेल तर फुकट लेक्चरपेक्षा अशा मुलांच्या क्लिनिकल पोस्टिंगच्या चार जागा आणि हॉस्टेलच्या चार खाटा द्या. अर्थात व्हिसा आणि मेडिकल कौन्सिलचे नियम आधी बघून.

पैसा कसा फिरतो

देशाच्या आत बँकेच्या शाखा बंद पडल्या तरी बँक ऑफ खार्टूमचं बँकक नावाचं ॲप चालत राहिलं आणि लोकांचे व्यवहार त्यावरच तरले. फी त्यावर घेता येते, प्राध्यापकाचं मानधनही त्यावर देता येतं, फक्त नेट हवं. देशाबाहेरचं अवघड आहे. अमेरिकेने सुदानला १९९३ ते २०२० दहशतवादाच्या यादीत ठेवलं होतं, ते नाव निघालं तरी बँकांची भीती गेलेली नाही, नुसतं सुदान हे नाव दिसलं की ट्रान्सफर अडकवून दहा कागद मागतात. म्हणून तुमच्या संस्थेच्या अकाउंट्सवाल्यांना आणि बँकेला आधी विचारा, एमओयूवर सही करण्याच्या आधी. शक्य असेल तर पैशांची देवाणघेवाणच नको असा करार करा, तुम्ही शिकवण्याचे तास द्या, ते त्यांच्या मुलांच्या परीक्षेचं काम बघतील.

त्यांना सल्ला द्यायची वेळ आली तर फी एकदम डॉलरात करू नका असं सांगा. आखातात सुदानी लोक खूप आहेत, त्यांच्या मुलांना पूर्ण फी, आतल्या आणि छावणीतल्या मुलांना हप्ते किंवा माफी, आणि तो फरक उघडपणे जाहीर करा. माजी विद्यार्थ्यांना "विद्यापीठाला मदत करा" असं म्हटलं तर देणाऱ्याचा हात आखडतो, "या एका मुलीचं राहिलेलं शेवटचं वर्ष" असं म्हटलं तर तो देतो. निर्वासित मुलांसाठी यूएनएचसीआर या संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेची डाफी शिष्यवृत्ती १९९२ पासून आहे, ती मुलं ज्या देशात आश्रयाला आहेत तिथे मिळते, त्याची माहिती कितीतरी मुलांपर्यंत पोचलेलीच नसते.

दुसरं ठिकाण निवडताना

युद्ध सुरू झाल्यावर बरेच लोक आणि संस्था जझीरा प्रांतातल्या वाद मदनीला गेले, आणि डिसेंबर २०२३ मध्ये आरएसएफ तिथेही पोचली, सगळ्यांना पुन्हा उठावं लागलं. म्हणजे जवळचं सुरक्षित शहर हे कायमचं सुरक्षित धरून मोठा खर्च करू नका, भाडं महिन्याचं ठेवा, लॅबचं सामान उचलता येईल असं ठेवा. सीरियामध्ये दमास्कसहून दरा शहराकडे जाणाऱ्या रस्त्यावरची खासगी विद्यापीठं लढाई वाढल्यावर दमास्कसमधल्या तात्पुरत्या जागांत आली आणि वर्षानुवर्षं तिथूनच चालली, मोठा कॅम्पस ओस आणि वर्ग शहरातल्या इमारतीत.

परक्या देशात केंद्र काढताना परवाना आधी. इजिप्तने २०२४ मध्ये परवानगी नसलेल्या सुदानी शाळा बंद केल्या, मुलं परत घरी बसली. त्यापेक्षा तिथल्याच मान्यताप्राप्त विद्यापीठाच्या संध्याकाळच्या रिकाम्या वर्गखोल्या करार करून घेणं बरं.

कार्यक्रमांचंही एक सांगतो. सोमालियाची राजधानी मोगादिशूमधल्या बेनादिर विद्यापीठाने २००२ पासून डॉक्टर घडवायचं काम हाती घेतलं, आणि ३ डिसेंबर २००९ ला शामो हॉटेलमध्ये पदवीदान चालू असताना स्फोट झाला, त्यात मंत्री गेले, विद्यार्थी गेले, पालक गेले. ज्यांनी इतक्या कष्टाने पांढरे कोट मिळवले त्यांच्या त्या दिवशीच. म्हणून अशा देशात पदवीदानाची जागा आणि वेळ सोशल मीडियावर टाकायची नाही, पाहुणे कमी, समारंभ छोटे छोटे तुकड्यांत. तुमच्या कॉलेजच्या पेजवर त्यांच्या विद्यार्थ्यांचे नावासकट फोटो टाकण्याआधीही विचारा.

संधी कुठे आहे

सोमालियाकडे बघितलं की धीर येतो. १९९१ मध्ये सरकार कोसळलं, राष्ट्रीय विद्यापीठ बंद पडलं ते २०१४ मध्ये परत उघडलं. मधल्या काळात मोगादिशू विद्यापीठ १९९७ मध्ये, बोरामामध्ये अमौद १९९८ मध्ये, जुन्या हायस्कूलच्या आवारात, अशी स्थानिक लोकांनी आणि परदेशातल्या सोमालींनी वर्गणी काढून विद्यापीठं उभी केली. देश चालवायला लागणारी माणसं यांनीच तयार केली. पण त्याच सोमालियात पुढे नियंत्रण नसल्यामुळे विद्यापीठांचं पीक आलं, सगळीकडे तेच बिझनेस ॲडमिनिस्ट्रेशन आणि तेच कॉम्प्युटर, कारण त्याला लॅब लागत नाही. सुदानच्या विद्यापीठांनी हा सोपा रस्ता धरू नये असं मला फार वाटतं, आणि आपण सोबत असू तर आपणही त्यांना तिकडे ढकलू नये. तिथे गरज आहे ती नर्स, सुईणी, लॅब टेक्निशियन, सोलर बसवणारे, पाणी आणि बांधकामवाले इंजिनिअर, मानसिक आधार देणारे समुपदेशक यांची. सहा-सहा महिन्यांचे, पुढे डिग्रीत जोडता येतील असे कोर्स. यातलं पॉलिटेक्निक आणि नर्सिंगचं काम महाराष्ट्रातल्या खासगी कॉलेजांना चांगलं येतं.

आणि मुली. बाबिकर बद्रींनी १९०७ मध्ये सुदानमधल्या रुफाआ गावात घरातल्या आणि शेजारच्या मिळून १७ मुलींची शाळा काढली, त्यांचे चिरंजीव युसूफ बद्रींनी १९६६ मध्ये ओमदुरमानला महिलांचं कॉलेज काढलं, तेच आजचं अहफाद. अफगाणिस्तानात २० डिसेंबर २०२२ ला तालिबानने मुलींना विद्यापीठं बंद केली तेव्हा तिथल्या खासगी विद्यापीठांचे वर्गही रिकामे झाले आणि फीही गेली. सुदानमध्ये तशी बंदी नाही, तिथे मुलींना अडवतंय ते प्रवासाची भीती आणि घरची तंगी. म्हणजे घराजवळ केंद्र, फोनवर अभ्यास आणि फीची सोय एवढ्यावर मुलगी शिकू शकते. तुमच्याकडे मोजक्याच जागा असतील तर अर्ध्या मुलींना द्या असं करारातच लिहा.

आता प्रत्यक्ष सुरुवात. पहिल्या कॉलला कुलगुरू आणि मार्केटिंगवाले नकोत, त्यांच्याकडून रजिस्ट्रार आणि आयटी बघणारा माणूस, तुमच्याकडून परीक्षा विभागाचा माणूस, एवढेच बसा. अजेंडा एकच: नोंदी कुठे आहेत आणि व्हेरिफिकेशनचा मेल कोण बघतं. त्यानंतर एक विषय, एक प्राध्यापक, तीसेक मुलं, एक सेमिस्टर. एमओयूमध्ये हे लिहून घ्या की त्यांचं विद्यापीठ बंद पडलं किंवा हललं तर या मुलांच्या गुणांची खात्री तुमचं कॉलेज किती वर्षं देईल, आणि त्या जबाबदारीसाठी तुमच्याकडच्या एका कायमस्वरूपी कर्मचाऱ्याचं पद नेमून द्या, व्यक्तीचं नाव नको, कारण माणसं बदलतात आणि मेल मात्र आठ-दहा वर्षांनीही येतो.